लोकर कातडीपर्यंत कातरू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात मेंढीची लोकर पार कातडीपर्यंत कातरली की ती गार राहील. कृपा करून तसं करू नका. भर दुपारी दख्खनी मेंढीच्या पाठीवर हात ठेवून बघा. वरची लोकर चटका बसावा इतकी तापलेली असते, पण बोटं आत घातली की कातडी त्यामानाने गार लागते. ऊन वरच अडतं. बोटभर लोकर राहू द्या.

मेंढीला घाम जेमतेम येतो, तिची सगळी मदार धापेवर. तोंड मिटून भराभर श्वास घेते तोवर ती निभावतेय; तोंड उघडून जीभ बाहेर आली की लगेच सावलीत न्या, पाणी पाजा. माळावर झाड नसलं की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली मुंड्या घालून उभ्या राहतात, निदान डोकं तरी सावलीत राहावं म्हणून. बघून जीव कळवळतो. उस्मानाबादी शेळी त्या मानाने काटक, तिच्या लांब कानांतूनही अंगातली उष्णता बाहेर पडते.

आणि कडबा दुपारी टाकू नका. कोरडी वैरण पचताना पोटात बरीच उष्णता तयार होते. सूर्य कलल्यावर, संध्याकाळी द्या.