मदत हवी आहे: कंटेनरमधलं ॲप काफ्काला जोडतंय, पण काही गावांचंच दूध दिसतंय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं ऑफिस आहे, दूध संस्थांच्या संकलनाचं सॉफ्टवेअर बघतो. सकाळ-संध्याकाळ सभासद संस्थेत दूध घालतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवरनं संस्थेच्या कॉम्प्युटरला येतं, तिथनं आमच्या संकलनाच्या ॲपला, आणि ते ॲप काफ्काच्या (मेसेज साठवून पुढं देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टॉपिकमधे, म्हणजे मेसेजच्या रांगेत, टाकतं. पुढं बिलाचं ॲप तिथनं उचलतं.

मांडणी अशी: एका सर्व्हरवर डॉकर कंपोजमधे (बरेच कंटेनर एकत्र चालवायचं साधन) काफ्काचे तीन ब्रोकर, म्हणजे मेसेज सांभाळणारे सर्व्हर, क्राफ्ट मोड, म्हणजे समन्वय काफ्का स्वतःच करतो, वेगळा झूकीपर नाही. नावं काफ्का-१, काफ्का-२, काफ्का-३. आत तिघंही ९०९२ वर ऐकतात, बाहेर होस्टवर अनुक्रमे ९०९२, ९०९३, ९०९४ असं मॅपिंग आहे. संकलनाचं आणि बिलाचं ॲप दुसऱ्या मशीनवर, तेही कंटेनरमधेच. आधी ज्यांच्याकडं हे काम होतं त्यांनी ॲपच्या कंपोजमधे एक्स्ट्रा होस्ट्स टाकून तिन्ही नावं सर्व्हरच्या एकाच आयपीला बांधून ठेवलीत.

आता त्रास बघा. करवीर, पन्हाळा, राधानगरी सगळीकडनं डेटा येतो, ॲपपर्यंत पोचतो, पण काफ्कात काही ठराविक संस्थांचाच जातो. ज्यांचा जातो त्यांचा रोज जातो, ज्यांचा जात नाही त्यांचा कधीच नाही. आज सकाळी स्क्रीनवर एका गावाच्या नावापुढं सगळे सभासद शून्य लिटर, आणि संस्थेचे सचिव फोनवर सांगतायत की कॅन भरून गाडी गेलीसुद्धा. कंटेनरमधनं एनसी (पोर्ट उघडं आहे का बघायची कमांड) मारलं की पोर्ट उघडं दाखवतं. लॉगमधे नॉट लीडर ऑर फॉलोअर अशी वॉर्निंग सारखी येत राहते आणि मग रेकॉर्ड एक्स्पायर झाले, १२०००० एमएस उलटले असं येतं. टाइमआउट वाढवून काही फरक नाही. आणि ब्रोकर ज्या सर्व्हरवर आहेत तिथंच त्याच कंपोजमधे एक डॅशबोर्डचा कंटेनर आहे त्याला मात्र तिन्ही ब्रोकर व्यवस्थित दिसतात.

नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हणावा तर काहीच जायला नको होतं. दहा दिवसाचं बिल तोंडावर आलंय, सभासदांचे पैसे अडकू नयेत एवढीच काळजी आहे. कुणी यातनं गेलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १

दादा, आधी एक करा. ॲपच्या मशीनवर, त्याच डॉकर नेटवर्कमधे, एक्स्ट्रा होस्ट्सच्या त्याच ओळी देऊन केकॅटचा (काफ्का तपासायचं टूल) कंटेनर उठवा आणि उणे कॅपिटल एल देऊन ब्रोकरची यादी काढा. लॅपटॉपवरनं नको, तिथलं चित्र वेगळं येतं. यादीत ब्रोकर कुठला पत्ता सांगतायत ते इथं टाका. आणि मेसेजची की, म्हणजे ज्यावरनं मेसेज टॉपिकच्या कुठल्या भागात जायचा ते ठरतं, ती काय ठेवलीय?

धागाकर्ता

की म्हणजे संस्थेचा कोड. यादी अशी आली: ब्रोकर १ काफ्का-१:९०९२, ब्रोकर २ काफ्का-२:९०९२, ब्रोकर ३ काफ्का-३:९०९२.

प्रतिसाद २

मग सापडलं तुमचं दुखणं. शांतपणे वाचा, थोडं लांब लिहितोय.

बूटस्ट्रॅप सर्व्हर्समधे आपण जो पत्ता देतो तो फक्त पहिल्या भेटीपुरता. क्लायंट तिथं जाऊन मेटाडेटा मागतो, आणि ब्रोकर सांगतो की या पार्टिशनचा (टॉपिकच्या एका भागाचा) लीडर, म्हणजे त्यातले मेसेज लिहून घेणारा, मी, त्याचा लीडर तो, आणि प्रत्येकाचा पत्ता हा. तो पत्ता येतो ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्समधनं. तिथनं पुढं क्लायंट तोच पत्ता धरून चालतो, तुम्ही बूटस्ट्रॅपला काय लिहिलं होतं त्याचा संबंध संपला. म्हणून एनसीनं पोर्ट उघडं दिसलं तरी त्यानं काही सिद्ध होत नाही.

आता तुमच्याकडं काय होतंय बघा. क्लायंटला सांगितलं काफ्का-२:९०९२. एक्स्ट्रा होस्ट्समुळं काफ्का-२ म्हणजे सर्व्हरचा आयपी, आणि त्या आयपीवर ९०९२ ला कोण बसलंय? काफ्का-१! तिसऱ्याचंही तेच. म्हणजे क्लायंटला वाटतंय मी तिघांशी बोलतोय आणि प्रत्येक वेळी दार उघडतोय पहिलाच ब्रोकर. ज्या पार्टिशनचा लीडर ब्रोकर १ आहे ते मेसेज जातात, बाकीच्यांना तो म्हणतो मी लीडर नाही. क्लायंट परत मेटाडेटा घेतो, परत तेच, असं करत डिलिव्हरी टाइमआउट संपतो, तो डीफॉल्ट १२०००० एमएस म्हणजे दोन मिनिटं असतो. आणि की संस्थेचा कोड असल्यामुळं एका संस्थेचे मेसेज कायम एकाच पार्टिशनला जातात, म्हणून ठराविक गावंच गायब. डॅशबोर्ड चालतो कारण त्याला डॉकरच्या डीएनएसमधनं तिन्ही नावांचे खरे, वेगवेगळे पत्ते मिळतात.

उपाय म्हणजे प्रत्येक ब्रोकरला दोन लिसनर (जोडणी ऐकायचे पत्ते) द्या. एक इंटर्नल, काफ्का-१:९०९२ असाच राहू दे, तो आतल्या कंटेनरसाठी आणि ब्रोकर एकमेकांशी बोलायला. दुसरा एक्स्टर्नल, पहिल्याला १९०९२, दुसऱ्याला १९०९३, तिसऱ्याला १९०९४, आणि ॲडव्हर्टाइज्डमधे सर्व्हरचं लॅनवरचं नाव किंवा आयपी अधिक तोच पोर्ट. होस्ट मॅपिंग पण सारखंच ठेवा, १९०९३ ला १९०९३, म्हणजे डोक्याला ताप नाही. लिसनर सिक्युरिटी प्रोटोकॉल मॅपमधे इंटर्नल, एक्स्टर्नल आणि कंट्रोलर तिन्ही नावं हवीत, इंटर ब्रोकर लिसनर नेमला इंटर्नल. ॲडव्हर्टाइज्डमधे ०.०.०.० लिहू नका, ब्रोकर सुरूच होणार नाही. झालं की एक्स्ट्रा होस्ट्सच्या त्या ओळी काढून टाका, आणि बूटस्ट्रॅपला तिन्ही नवे पत्ते द्या.

प्रतिसाद ३

वरचं बरोबर आहे, फक्त करायच्या आधी डेटाची फोल्डर डॉकर व्हॉल्यूमवर (कंटेनरच्या बाहेरची साठवण) आहे का ते नक्की बघा. एनव्हायर्नमेंट बदललं की कंपोज कंटेनर नव्यानं बनवतो, डेटा कंटेनरच्या आत असेल तर गेला. हे तपासल्याशिवाय हात लावू नका, खरंच सांगतो.

सकाळचं संकलन संपलं की करा. एकेक ब्रोकर रीस्टार्ट करा, अंडर रेप्लिकेटेड पार्टिशनची (ज्यांच्या प्रती अजून पूर्ण जुळल्या नाहीत) यादी रिकामी झाली की मगच पुढचा. आणि एक्स्टर्नल लिसनर प्लेनटेक्स्ट, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय, असेल तर लॅनच्या बाहेर उघडा करू नका. शेतकऱ्यांच्या पैशाचा डेटा आहे हा, उद्या बाहेरनं जोडायची वेळ आली तर सासल एसएसएल (लॉगिन आणि एन्क्रिप्शन दोन्ही) लावा नाहीतर व्हीपीएनमधनं न्या. तिन्ही ब्रोकर एकाच मशीनवर आहेत तेही मला पटत नाही, मशीन बसलं की तिघंही बसले, पण तो वेगळा विषय.

धागाकर्ता

लई उपकार झाले मंडळी. व्हॉल्यूम होता. दुपारी बदल केला, केकॅटच्या यादीत आता तिन्ही पोर्ट वेगवेगळे येतात आणि संध्याकाळच्या संकलनात सगळ्या संस्था दिसल्या. आता मागचं राहिलंय. जे मेसेज एक्स्पायर झाले त्यांचा डेटा संस्थांच्या कॉम्प्युटरवर आहे, तो सरसकट परत पाठवला तर ज्यांचा आधीच गेलाय त्यांचा डबल पडेल का? आयडेम्पोटन्स (तोच मेसेज दोनदा न पडू देणारी काफ्काची सोय) तर चालू आहे.

प्रतिसाद २

पडेल. आयडेम्पोटन्स फक्त प्रोड्यूसरनं (ॲपमधला मेसेज पाठवणारा भाग) स्वतः केलेल्या रीट्रायपुरता आहे. तुमच्या ॲपनं तोच डेटा नव्यानं पाठवला की काफ्काच्या दृष्टीनं तो नवा मेसेज. तेव्हा बिलाच्या डेटाबेसमधे संस्था कोड, सभासद नंबर, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि मशीनचा पावती नंबर यावर युनिक इंडेक्स टाका आणि आधीची नोंद असेल तर सोडून द्या असं करा. पावती नंबर घ्याच, गाईचं आणि म्हशीचं दोन्ही घालणारा सभासद एका वेळी दोन नोंदी देतो. आधी एकाच गावाचा डेटा पाठवून सचिवांकडच्या पावत्यांशी बेरीज ताडून बघा, मग बाकीच्यांचा सोडा.