मदत हवी आहे: डीएनए अहवालात 'आपल्या समाजाचे' आकडे नाहीत, हा मुद्दा कोर्टात टिकेल का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वकिली करतो, अजून ज्युनियरच. खानापूर तालुक्यातल्या एका मारहाणीच्या केसमध्ये अडलोय. जमिनीवरून झटापट झाली, त्यात जखमी बाईच्या नखांखालचा नमुना घेतला. त्यात पुरुषाचा डीएनए निघाला आणि तो आमच्या अशिलाशी जुळतो म्हणतात. अहवाल इंग्रजीत, आरोपपत्र कन्नडमध्ये, अशिलाला येते फक्त मराठी.

सिनियर म्हणतात, "लॅबनं कुठल्या लोकांतल्या डीएनए-प्रमाणांचा तक्ता धरून जुळणी किती दुर्मीळ याचे आकडे काढले ते विचार. आपल्याकडे मराठा, लिंगायत, जैन, धनगर, हल्याळच्या बाजूला सिद्दी. सोयरिकी ज्याच्या त्याच्या समाजात. सगळ्यांना एकच तक्ता कसा चालेल?" ऐकायला जोरदार आहे, पण तज्ज्ञानं एका वाक्यात उडवलं तर? अहवालात 'वाय-एसटीआर, २३ मार्कर, सर्व जुळतात' असं आहे, म्हणजे फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या २३ ठरावीक जागा तपासल्या. बाकीच्या गुणसूत्रांवर फक्त बाईचाच डीएनए दिसतो. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

फॉरेन्सिक शिकवतो, म्हणून लिहितो. माणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत असतो, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिननं १९७२ साली दाखवलं. जातीतच लग्नं होत राहिल्यानं काही ॲलील (एकाच जनुकीय जागेची वेगवेगळी रूपं) एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी आढळतात, हे खरंच. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांच्यात हा फरक ठळक. पण त्यासाठी गणितात 'थीटा' नावाची दुरुस्ती असते, साधारण ०.०१ ते ०.०३. बाकीच्या गुणसूत्रांवरच्या नेहमीच्या २० मार्करांचा पूर्ण प्रोफाइल असता तर तक्ता बदलून आकडा शंभरपट हलला तरी निष्कर्ष बदलला नसता.

तुमच्या केसची खरी जागा भावकी आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं उतरतं. भाऊ, चुलता, चुलतभाऊ, चार पिढ्यांमागे वेगळं झालेलं घर, सगळ्यांचे २३ मार्कर जुळू शकतात. हे मार्कर एकाच गुणसूत्रावर असल्यानं त्यांचे आकडे एकमेकांशी गुणताही येत नाहीत. २३ मार्करांचा तो अख्खा संच डेटाबेसमध्ये किती वेळा सापडला, त्यावरून अंदाज बांधतात. आणि आपल्याकडे सुना चंदगड-गडहिंग्लजकडून येतात, लेकी तिकडे जातात, पुरुष मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच शिवारात. डेटाबेसमध्ये एकदाही न सापडलेला संच तुमच्या गावच्या एका गल्लीत दहा जणांकडे असेल.

आता कामाचं विचारतो: बाई आणि आरोपी यांचं नातं काय? ती त्याच भावकीत दिलेली असेल तर तिच्या नवऱ्याचा आणि मुलाचा वायही हाच. नखांखाली घरच्या माणसांचा डीएनए रोजच्या वावरातूनही येतो.

धागाकर्ता

आरोपी तिचा चुलत दीर! नवऱ्याचा नमुना घेतलेलाच नाही.

प्रतिसाद १

मग उलटतपासणीत हेच विचारा: हा अहवाल नवऱ्याला वगळतो का? प्रामाणिक तज्ज्ञ 'नाही' म्हणेल. वेगानं बदलणाऱ्या वाय मार्करांची चाचणी कधीकधी जवळच्या नातेवाइकांनाही वेगळं काढते, पण ती मागायची घाई करू नका. अशील खरंच तिथं असेल तर तीच अंगलट येईल. आधी त्याच्याशी नीट बोला.