अभ्यासाच्या गोळ्या आणि वादाचं व्यासपीठ : तुमचा अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव चोपडा तालुक्यात. गेल्या महिन्यात वादविवाद स्पर्धेत विषय होता : निवडणुकीच्या चर्चेआधी उमेदवारांची औषध चाचणी घ्यावी का? विषय अमेरिकेतला. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि २०२० व २०२४ मध्ये बायडेन यांच्याबाबत अशी मागणी केली होती. पुरावा काहीच दिला नाही, चाचणीही झाली नाही. मला 'घेऊ नये' ही बाजू मिळाली.

स्पर्धेच्या सकाळी रूममेटने कंपासपेटीतून कात्रीने कापलेला पाकिटाचा तुकडा काढला. मोडाफिनिलच्या, म्हणजे झोप घालवणाऱ्या औषधाच्या, दोन गोळ्या. "अर्धी घे, डोकं पळतं." मी घेतली. तोंड कोरडं पडलं, बोटं गार. चार मिनिटांचं भाषण तीन मिनिटांच्या आत संपलं आणि मला वाटत होतं, काय झकास बोलतोय! मग शिरपूरच्या मुलीने विचारलं, मतदाराला उमेदवाराच्या तब्येतीबद्दल कळायला नको का? मी तिला माझा पाठ केलेला तिसरा मुद्दा ऐकवला. तिचा प्रश्न काय होता, हे मला जागेवर बसल्यावर कळलं. रात्री चारपर्यंत झोप नाही. चाचणीला विरोध करत होतो आणि गोळी माझ्याच पोटात होती, याची लाज अजून गेलेली नाही.

तरी माझं मत तेच आहे. लघवीच्या बाटलीतून उमेदवाराला पाणीप्रश्न कळतो का, ते दिसत नाही. उलट एखाद्याचा खरा आजार मात्र चव्हाट्यावर येईल. शाळा-कॉलेजातही चाचणी नको, पोरं गोळीपर्यंत का पोचतात ते विचारा. तुम्ही घेतली असेल, कुणाला घेताना पाहिलं असेल, तर लिहा. नाव नका देऊ.

नंदुरबार, अभ्यासिकेतली
गोळी नाही, पण कॉफीची पुडी. आम्ही चौघी कोरडीच तोंडात टाकायचो, वरून पाणी. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असतं, हे नंतर कळलं. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि आम्ही झोपच मोडत होतो. आजी म्हणायची, "आख्खी रात जागी राहीसन काय व्हस?" तिचं ऐकायला मला परीक्षेचे दोन प्रयत्न लागले.

धुळे, मेडिकलवाला
पोरं मोबाईलवर गोळीचा फोटो दाखवतात. मिथाइलफेनिडेट (लक्ष न टिकण्याच्या आजारावरचं औषध) शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मी दोन वर्षं जपून ठेवतो. मोडाफिनिलही चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. पोरांना नाही म्हणणं सोपं आहे. एकदा बाप आला होता. बाजार समितीत कांदा देऊन सरळ दुकानात, सदऱ्यावर कांद्याची फोलपटं. "पोरगं नीटचा अभ्यास करतंय, हुशारीची गोळी द्या, पैशाचं बघू नका." त्याला बसवून चहा पाजला. असली गोळी कुठल्याच दुकानात नसते हे सांगितलं, तर त्याला वाटलं मी मोठ्यांच्याच पोरांना देतो. ते मला फार लागलं.

भुसावळ, आई
माझा मुलगा चौथीत असताना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आजाराचं, निदान झालं. मिथाइलफेनिडेट सुरू केल्यावर त्याने पहिल्यांदा शुद्धलेखनाचं पूर्ण पान एका बैठकीत लिहिलं. मी ते पान कपाटात ठेवलंय. भूक कमी झाली, म्हणून सकाळी गोळीच्या आधी त्याला पोटभर भाकरी-दूध देते. दर महिन्याला वजन बघतो. तर वर्गातल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हा गोळीवर चालतो." आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या मुलीची आई माझ्याकडे चार गोळ्या मागायला आली! परीक्षेपुरत्या. माझ्या मुलासाठी ते औषध आहे हो, चष्म्यासारखं. तुमच्या धावाधावीमुळे त्याच्याकडे संशयाने बघतात.

शिरपूर, इंजिनीअरिंग
मी खरं लिहितो. मला उपयोग झाला. जागा राहिलो, पास झालो. पुढच्या सत्रात गोळीशिवाय पुस्तक उघडायची भीती वाटायला लागली. ती जायला वर्ष लागलं.

अमळनेर, शिक्षक
मी मुलांना वादविवादासाठी तयार करतो. २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ४० निरोगी माणसांवर प्रयोग केला होता. ठराविक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा बसवायच्या, असली कोडी. गोळी घेतलेल्यांनी (त्यात मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही होती) मेहनत जास्त केली, वेळ जास्त घालवला, पण विचाराचा दर्जा घसरला. धागाकर्त्या, तुझं व्यासपीठावर तेच झालं.

आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची समोरासमोर चर्चा होतच नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, ए. पी. शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं, ती चर्चा झाली नाही. पण आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या वेळी पोरांनी दोन्ही पॅनलना मारुतीच्या पारावर बसवलं. टँकरवर किती खर्च झाला, असं एका पोरीने विचारलं. एकजण घडाघडा वीस मिनिटं बोलला, आकडा नाहीच. दुसरा म्हणाला, "मला माहीत नाही, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला आणि वाचून दाखवलं. मी मुलांना भाषणाची तयारी म्हणून आता हेच शिकवतो, माहीत नसेल तर तसं म्हणायचं.

चाळीसगाव
सर, तो दुसरा निवडून आला का?

अमळनेर, शिक्षक
नाही. अकरा मतांनी पडला. पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतोय.

धागाकर्ता
भुसावळच्या ताई, तुमचं लिहिलेलं रूममेटला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग सांगितलं की गोळ्या त्याच्या आतेभावाच्या आहेत. त्याला दिवसा कुठेही गाढ झोप लागण्याचा आजार आहे, त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या. न विचारता उचलल्या होत्या. म्हणजे मी जी अर्धी घेतली, ती त्याची एका सकाळची जाग होती. शनिवारी रूममेट उरलेली दीड गोळी घेऊन यावलला जाणार आहे, खरं काय ते सांगायला. मीही सोबत जातोय.