शेततळ्यातील रोहू-कटल्याच्या खाद्यात कोणती पूरके मिसळावीत?

शेततळे_सांगोला: नमस्कार. आमचे 30 × 30 × 3 मीटरचे, प्लास्टिक अस्तराचे शेततळे आहे. ऑगस्टमध्ये रोहू, कटला आणि मृगळ मिळून 800 बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात शिजवून, गोळे करून रोज सकाळी दीड किलो खाद्य देतो. फेब्रुवारीत फेकजाळे टाकले तेव्हा मासा सरासरी 200 ग्रॅमच भरला, शिवाय दोन-तीन माशांचा कणा वाकडा दिसला. दुकानदाराने प्रोबायोटिक, यीस्ट आणि 'ग्रोथ प्रमोटर' अशी तीन पाकिटे दिली. खाद्य गरम असतानाच मी ती मळून घेतो. महिना झाला, फरक नाही. यांपैकी उपयोगाचे काय?

मत्स्यखाद्य_रत्नागिरी: गरम खाद्यात मिसळल्यामुळे पाकिटातील बरेचसे वाया गेले असावे. प्रोबायोटिकमधील उपयुक्त जीवाणूंपैकी बॅसिलसचे बीजाणू उष्णता बऱ्यापैकी सोसतात, पण लॅक्टोबॅसिलस जीवाणू आणि जिवंत यीस्ट वाफाळत्या पिठात टिकत नाहीत. गोळा हाताला कोमट लागेल इतका निवल्यावरच ही पूरके घालावीत.

वाकड्या कण्याकडे मात्र अधिक लक्ष द्या. बहुतेक मासे क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करू शकत नाहीत, आणि त्याची कमतरता पडली की कण्यात व्यंग येऊ शकते. मातीच्या तळ्यात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि तळातील किडे-अळ्या ही उणीव थोडीफार भरून काढतात. अस्तराच्या तळ्यात गाळच नसल्यामुळे तो आधार तुटपुंजा असतो, आणि तळाशी चरणाऱ्या मृगळाची तर अधिकच आबाळ होते. म्हणून माशांसाठीचे जीवनसत्त्व-खनिज मिश्रण खाद्याच्या सुमारे 1 टक्का घ्यावे. त्यातील क जीवनसत्त्व स्थिर स्वरूपातील आहे ना, हे लेबलवर पाहावे, कारण साधे क जीवनसत्त्व उष्णतेने आणि साठवणुकीत लवकर नष्ट होते. पैसे मोजकेच असतील तर तिन्ही पाकिटांपेक्षा हे आधी घ्या, असे माझे मत आहे.

कोळंबी_पालघर: त्या 'ग्रोथ प्रमोटर'वर घटक लिहिले आहेत का? आमच्या भागात एका विक्रेत्याने अशीच बिनलेबलची भुकटी गळ्यात मारली होती. तपासून घेतली तेव्हा तिच्यात प्रतिजैविक (अँटिबायोटिक) निघाले. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना मत्स्यपालनात बंदी आहे. निर्यातीच्या कोळंबीत त्यांचा अंश सापडला तर अख्खा माल परत येतो. तुमचा मासा स्थानिक बाजारात जाणार असला, तरी खाणारी माणसेच आहेत.

शेततळे_सांगोला: पाकिटावर फक्त माशाचे चित्र आणि 'दर आठवड्याला 50 ग्रॅम' एवढेच आहे. वापर आजपासून बंद. प्रोबायोटिक पुढे चालू ठेवू का?

जुना_मत्स्यपालक: ठेवा, पण आधी हिशेब करू. मरतूक वजा जाता 700 मासे धरले तर 200 ग्रॅमप्रमाणे 140 किलो मासा तळ्यात आहे. वजनाच्या 2 ते 3 टक्के खाद्य म्हणजे रोज साधारण 3 ते 4 किलो. तुम्ही दीड किलो देता! मासा अर्धपोटी असताना कोणतेही पूरक त्याला वाढवणार नाही. थंडीत मासा कमी खातो हे खरे. आता मार्चमध्ये पाणी तापू लागले आहे, तेव्हा खाद्य एकदम न वाढवता आठवडाभरात हळूहळू वाढवा. गोळे पाण्यात टाकण्याऐवजी दोरीने सोडलेल्या तबकात ठेवा आणि दोन तासांनी उचलून पाहा. उरले तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करा, कारण अस्तरावर साचलेले खाद्य कुजून पाण्यातील प्राणवायू खाते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर त्या दिवशी खाद्य देऊच नका.

आणखी एक. पेंडीचे पोते फोडून वास घ्या. खवट किंवा बुरशीचा वास आला तर ती पेंड वापरू नका. शेंगदाणा पेंडीवरील बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, ते माशाच्या यकृताला बाधते आणि शिजवल्यानेही नीटसे जात नाही.

शेततळे_सांगोला: पोते आत्ताच फोडले. तळाशी, फरशीला टेकलेल्या भागात, हिरवट ढेकळे आहेत.

जुना_मत्स्यपालक: मग ते पोते पूर्ण बाजूला काढा, गुरांनाही घालू नका. नवे पोते लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवा.