मदत हवी आहे : कादंबरी आणि सिनेमा एकत्र कसा अभ्यासायचा?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात मराठीत एम.ए. करतेय. प्रकल्पासाठी जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ हा सिनेमा निवडलाय. ते मूळचे आपल्या पंढरपूरचे, म्हणून जास्तच जिव्हाळा! अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा लिहिली. काय वगळलं, काय ठेवलं याची यादी करता येते, पण तेवढ्याला अभ्यास म्हणणं मला पटत नाही. पत्रकार दिगू टिपणीस पानापानांतून जो विचार करतो, तो पडद्यावर निळू फुले नुसत्या नजरेतून पोचवतात. हे नेमकं कोणत्या निकषांवर मांडायचं? माध्यमांतरावर (म्हणजे कादंबरीचा सिनेमा करण्यावर) मराठीतली चांगली पुस्तकं सुचवा ना. पटकथा छापील मिळते का? सोलापुरात कुणी यावर काम केलं असेल तर भेटायला नक्की येईन.