'वसंतसंपात' दक्षिण गोलार्धात चालेल का?

अनुवादवाला: अंटार्क्टिकावरचा एक लेख मराठीत आणतोय. वाक्य असं झालं: 'वसंतसंपाताच्या सुमारास दक्षिण ध्रुवावर सूर्य मावळतो, तो सहा महिने उगवत नाही.' संपादकबाईंनी 'वसंत'वर बोट ठेवलं. तिथे तेव्हा, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास, शरद लागतो, वाचक अडखळेल म्हणाल्या. काय लिहू?

सूर्यफूल: सरळ 'मार्च संपात' लिहा. कुणी अडणार नाही.

जुनेजाणते: का म्हणून? वसंतसंपात हे बिंदूचं नाव आहे, हवेचं नाही. क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वर्षभराचा मार्ग) आणि विषुववृत्त छेदतात तो संपात. त्याला मेषारंभही म्हणतात. संपातचलनामुळे, म्हणजे संपात हळूहळू सरकत राहतो म्हणून, तो बिंदू केव्हाच मीन राशीत गेला, म्हणून नाव टाकलं का कुणी?

सूर्यफूल: खगोलवाल्यांना ठीक. सिडनीतल्या मराठी मुलाला मार्चमध्ये, दिवस लहान होत असताना, वसंत आला म्हणून सांगायचं?

रेघोटी: 'विषुवदिन' घ्या. दिवस-रात्र सारखे, ऋतूचा संबंधच नाही.

अनुवादवाला: पण ते वर्षात दोन. मागे 'मार्चचा' लावावंच लागणार.

रेघोटी: यावरून आठवलं, आम्हाला शाळेत 'दिवस वाढू लागला की उत्तरायण' असं शिकवलं होतं. दक्षिणेत हे उलटंच होईल ना?

जुनेजाणते: ती व्याख्याच चूक. अयन म्हणजे जाणं. २१-२२ डिसेंबरपासून जूनपर्यंत सूर्य उत्तरेकडे सरकतो, ते उत्तरायण. सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेलाच दिसतो, या काळात तो रोज थोडा खाली उतरतो आणि दिवस आखडतो. शब्द दोन्हीकडे खरा.

सूर्यफूल: मग माझंच म्हणणं आलं. दिशेवरून पडलेली नावं सगळीकडे चालतात, ऋतूवरून पडलेली अडतात.

भिंगरी: उन्हाळा कुठे अडतो? उष्णकाळाचा उन्हाळा, ऊन तापलं की झाला, डिसेंबर असला तरी. उलट दक्षिणेचा जास्त कडक असायला हवा. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किमी, जुलैत १५.२ कोटी.

रेघोटी: तसं होत नाही. दक्षिणेत पाणी जास्त, ते सावकाश तापतं. शिवाय जवळ असताना पृथ्वी जोरात पळते, त्यामुळे तिथला उन्हाळा साधारण ८९ दिवसांत आटोपतो. आपला ९३ दिवसांच्या वर जातो. ऋतू होतात ते अक्ष साडेतेवीस अंश कललाय म्हणून.

अनुवादवाला: मंडळी, 'मार्च संपात' की 'वसंतसंपात'?

भिंगरी: पृथ्वी सूर्याजवळ असते त्या स्थितीला उपसूर्य म्हणतात की अपसूर्य? माझा नेहमी घोळ होतो.

जुनेजाणते: जवळची उपसूर्य. उप म्हणजे जवळ, उपनगरातला. अप म्हणजे दूर. आणि वसंतसंपातच.

सूर्यफूल: मार्च संपात.