'वीडिंग'ला काय म्हणायचं: निर्लेखन, बाद की खुरपणी?

पानखूण: ग्रंथालयाच्या संग्रहधोरणाचा मसुदा मराठीत करतेय. 'वीडिंग'ला (शब्दशः तण काढणं; इथे संग्रहातून नको असलेली पुस्तकं काढणं) 'निर्लेखन' लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला, 'हा हिशेबाचा शब्द, खुरपणी लिहा.' मथळ्यात 'ग्रंथांची खुरपणी' कशी दिसेल?

दाखलक्रमांक: शेरा बरोबर आहे. ही दोन कामं आहेत. कपाटासमोर उभं राहून कोणतं पुस्तक काढायचं ते ठरवणं म्हणजे वीडिंग. निर्लेखन त्यानंतरचं: यादी, मंडळाचा ठराव, दाखल नोंदवहीच्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदतात ती वही) शेऱ्याच्या रकान्यात ठराव क्रमांक आणि तारीख, तालिकेतली (पुस्तकं शोधायच्या सूचीतली) लेखक-शीर्षक-विषय पत्रं काढणं. काढलेली सगळीच पुस्तकं निर्लेखनापर्यंत जात नाहीत. काही बांधणीला जातात, काही राखीव साठ्यात.

बांधावरून: खुरपणी चांगलाच शब्द आहे. विदर्भात निंदण म्हणतात, कोकणात बेणणी. ग्रंथांची निंदणी मात्र नको, लोक निंदा समजतील :)

धातुपाठ: निंदणीचा निंदेशी संबंध नाही. संस्कृतात 'निर्दाता' म्हणजे तण उपटून धान्य राखणारा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला ही उपमा दिली आहे. निंदणे तिथूनच आलं असावं. खुरपं 'क्षुरप्र'वरून. आणि 'निर्लेखन' हिशेबाचा शब्द कधीपासून झाला? लिख् म्हणजे मुळात ओरखडणं. आयुर्वेदात जीभ खरवडण्याला जिह्वानिर्लेखन म्हणतात. म्हणजे खुरपं आणि निर्लेखन दोन्ही खरवडतातच.

दाखलक्रमांक: व्युत्पत्ती मान्य, पण लेखापरीक्षक आयुर्वेद वाचत नाही. त्याच्या लेखी निर्लेखन म्हणजे मालमत्तेतून वजावट.

जुनीबांधणी: मला तणाची उपमाच खटकते. तण आपण पेरत नाही, पुस्तक आपणच विकत घेतलेलं असतं. एकाच कादंबरीच्या सहा प्रतींपैकी चार काढल्या तर तिथे योग्य शब्द 'विरळणी'. चांगलीच रोपं, पण दाट झाली म्हणून काढलेली. टेक्सासच्या ग्रंथपालांची वीडिंगची 'क्रू' पद्धत बघा. संगणकाच्या पुस्तकांना तिथे तीन वर्षांची वयोमर्यादा आहे. बाकी विषयांत वय, शेवटचं कधी दिलं गेलं आणि 'मस्टी' असं पाहतात. 'मस्टी' म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनी लक्षात ठेवायच्या सहा कसोट्या: दिशाभूल करणारं, फाटकं, नवी आवृत्ती आलेलं, किरकोळ, गैरलागू, दुसरीकडे सहज मिळणारं. यातलं तण फार तर पहिलं. तुकडे पडायला लागलेल्या आम्लयुक्त कागदाला तण कसं म्हणणार?

बांधावरून: विरळणी फक्त जादा प्रतींना लागू. कालबाह्य करकायद्याची एकच प्रत असेल तर काय विरळणार?

साधंमराठी: एवढा खटाटोप कशाला? कपाटापाशी काम करणारा 'बाद केलं' म्हणतो, बाद यादी म्हणतो, रबरी शिक्क्यावरही 'बाद' असतं. मथळ्यात 'बाद करावयाचे ग्रंथ' लिहा.

धातुपाठ: 'बाद' अरबीतून आला.

साधंमराठी: आणि 'कागद' कुठून आला? तोही सोडायचा का?

दाखलक्रमांक: 'बाद'ची अडचण वेगळी आहे. तो शिक्का मालकीच्या शिक्क्यावरच आडवा मारायचा असतो: शीर्षकपानावर, गुप्त पानावर (ओळख पटावी म्हणून ग्रंथालयाने ठरवलेलं आतलं पान) आणि शेवटच्या पानावर. गुप्त पान हमखास सुटतं. मग तेच पुस्तक फुटपाथवर दिसलं की चोरीचं की बाद केलेलं, कळत नाही. बाद पुस्तकाचा दाखल क्रमांकही दुसऱ्याला देत नाहीत. कोहात (ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत) त्या प्रतीची नोंद पुसूच नका, 'विथड्रॉन' स्थिती लावा, म्हणजे इतिहास राहतो.

पानखूण: 'विथड्रॉन'लाही मराठी हवाच आहे. 'मागे घेतलेले'?

जुनीबांधणी: मागे तर वाचकाकडून घेतात.

साधंमराठी: आणि गहाळ पुस्तकं कशात धरायची? पडताळणीत न सापडलेलीही 'बाद'मध्येच ढकललेली दिसतात.

दाखलक्रमांक: ते चूक. गहाळ वेगळं. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ पाहा: वर्षभरात दिलेल्या वा वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी, पण अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तरच. हजार रुपयांवरच्या ग्रंथाची चौकशी होणारच, दुर्मीळ असेल तर किंमत कितीही असो. 'बाद'खाली टाकलं की ती चौकशी टळते.

धातुपाठ: 'गहाळ'ची व्युत्पत्ती कुणी पाहिली आहे का? मला ती गाळणे-गळणेशी जोडाविशी वाटते.

बांधावरून: गळणे? पुस्तक काय पागोळी आहे?